शेतीशाळा : चालत, मोजत, हाताळत शिकण्याची रीत



ऊस विकासाचे मेळावे आपल्याला नवे नाहीत. मांडव पडतो, खुर्च्या मांडल्या जातात, हारतुरे होतात, पाहुण्यांची ओळख होते आणि मग एकामागून एक तज्ज्ञ बोलायला उभे राहतात. बेणे, खत, पाणी, कीड, खोडवा असे सगळे विषय एका दुपारी उरकायचे असतात. पहिला अर्धा तास माणसे कान देऊन ऐकतात. पुढे कोणी तंबाखू मळतो, कोणी मोबाइल काढतो, मागच्या रांगेत दोघे-चौघे पेंगू लागतात. संध्याकाळी घरी गेल्यावर कारभारणीने विचारले, "काय सांगितलं वो मेळाव्यात?" तर उत्तर मिळते, "चांगलं बोलले."

यात वक्त्याला नावे ठेवायचे कारण नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. पहाटे पाणी पाजून आलेला माणूस दुपारी जेवणानंतर तीन तास खुर्चीत बसला तर त्याला डुलकी लागणारच. पण मेळाव्याचा खर्च होतो तो आपल्याच पैशातून. शिवाय उसाचे पीक असे आहे की लागणीत झालेली चूक लगेच दिसत नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. लागणीच्या दिवशी काय चुकले ते वजनकाट्यावर दीड वर्षाने कळते आणि तोवर दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते. म्हणून जे शिकायचे ते डोक्यात आणि हातात नीट बसले पाहिजे. त्यासाठी बसून ऐकण्यापेक्षा दुसरी एक रीत जगभर वापरात आहे. माणसांना उठवायचे, रानात फिरवायचे, मोजायला-हाताळायला लावायचे, आणि त्यांनी जे पाहिले त्यावर त्यांनाच बोलते करायचे. या रीतीला आपल्याकडे शेतीशाळा म्हणतात. ती कशी चालते आणि उसाच्या रानात कशी घेता येईल, याची माहिती या लेखात देत आहोत.

मोठ्या माणसाचे शिकणे वेगळे असते

शाळेतल्या पोराची पाटी कोरी असते. गुरुजी सांगतील ते ते लिहून घेते. मोठ्या माणसाची पाटी भरलेली असते. तीस वर्षे ऊस केलेल्या शेतकऱ्याला नवीन गोष्ट सांगितली की तो मनातल्या मनात ती आपल्या अनुभवाशी ताडून बघतो. जुळली तर घेतो, नाही जुळली तर तोंडावर "बरं" म्हणतो आणि रानात जुनेच करतो.

अमेरिकेतील प्रौढ शिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात ही गोष्ट मांडली. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : प्रौढ माणसाला आपण काय शिकायचे ते स्वतः ठरवायला आवडते. त्याच्याजवळ अनुभवाची शिदोरी असते, ती बाजूला ठेवून शिकवता येत नाही. आज समोर असलेल्या अडचणीला उपयोगी पडेल तेच तो मन लावून शिकतो. आणि त्याला "असे कर" म्हणून सांगण्यापेक्षा "का" ते पटावे लागते.

इथे एक सावधगिरीची सूचना. प्रशिक्षणाच्या वर्गात पुष्कळदा एक तक्ता दाखवतात : वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २० टक्के, केलेले ९० टक्के. हे आकडे कोणत्याही भक्कम संशोधनातून आलेले नाहीत. एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४६ साली अनुभवांची एक उतरंड काढली होती, तिच्यात टक्केवारी नव्हतीच. आकडे नंतर कोणीतरी चिकटवले. तेव्हा हातपाय हलवून शिकण्याची बाजू मांडताना खोट्या आकड्यांचा आधार घ्यायची गरज नाही. पोहणे, औत धरणे, बेणे तोडणे ह्या गोष्टी कोणी भाषण ऐकून शिकलेला नाही, एवढे आपल्या अनुभवाचे प्रमाण पुरे आहे.

शेतीशाळा निघाली कशी

शेतीशाळेचा जन्म इंडोनेशियातला, आणि तो एका संकटातून झाला. तिथले मुख्य पीक भात. १९७० च्या दशकात आणि पुन्हा १९८५-८६ च्या सुमारास भातावर तपकिरी तुडतुड्यांची मोठी धाड आली. सरकार कीटकनाशकांवर भरघोस सवलत देत होते, शेतकरी फवारण्यावर फवारण्या करीत होते, आणि तुडतुडे मात्र वाढत होते. कारण असे की फवारणीने कोळी व इतर मित्रकीटक मरत, आणि तुडतुड्यांना खाणारे कोणी उरत नसे. शेवटी १९८६ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून भातासाठी वापरल्या जाणाऱ्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

बंदी झाली, पण शेतकऱ्याला शत्रुकीड आणि मित्रकीड ओळखायला शिकवायचे कसे? लाखो शेतकरी, त्यातले कित्येक निरक्षर. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने १९८९ साली तिथे 'सेकोला लापांगान', म्हणजे रानातली शाळा, सुरू झाली. पद्धत साधी होती. एका गावातले पंचवीसेक शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, पीक पेरल्यापासून काढणीपर्यंत. पाच-पाच जणांचे गट करायचे. प्रत्येक गटाने भातात उतरायचे, ठरावीक चूड तपासायचे, किडे मोजायचे, पानांचा रंग, पाणी, तण सगळे बघायचे. मग झाडाखाली बसून मोठ्या कागदावर रंगीत खडूने रोपाचे चित्र काढायचे. एका बाजूला शत्रुकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकिडी. प्रत्येक गटातल्या एकाने उभे राहून आपले चित्र समजावून सांगायचे आणि या आठवड्यात काय करायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे. मधे अंग मोकळे करणारा एखादा सामूहिक खेळ. एखादा शेतकरी "हा किडा काय करतो?" असे विचारी, तेव्हा मार्गदर्शक उत्तर देत नसे. उलट विचारी, "तुम्हाला कुठे सापडला? तो काय खात होता?" आणि मग जाळी लावलेल्या कुंडीत तो किडा आणि तुडतुडे एकत्र सोडून काय होते ते दोन दिवस बघायला लावी. कोण कोणाला खातो ते शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पुढे भाषणाची गरज उरत नसे.

१९९० चे दशक संपेपर्यंत इंडोनेशियात दहा लाखांवर शेतकरी अशा शाळांतून गेले, आणि पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली. आपल्या राज्याचा कृषी विभागही निरनिराळ्या पिकांच्या शेतीशाळा घेत असतो.

आपल्या मुलखातले आणखी एक उदाहरण पुष्कळांनी जवळून पाहिले असेल. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा झाली. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीन तालुके होते. गावातली साधी माणसे प्रशिक्षणाला जाऊन पाणलोटाचे तंत्र शिकून आली. समपातळी रेषा म्हणजे काय, हे फळ्यावर समजायला अवघड. पण दोन काठ्या, त्यांना जोडलेली पारदर्शक नळी आणि तिच्यात पाणी असा हायड्रोमार्कर दोघांच्या हाती देऊन माळावर चालायला लावले, की दोन्हीकडचे पाणी सारखे येईल ती जागा पाय आपोआप शोधतात. कागदावरची रेषा अशी जमिनीवर उतरली.

उसाच्या रानात घेण्यासारखे पाच उपक्रम

भाताची शाळा जशीच्या तशी उसाला लागू होणार नाही. ऊस लांब मुदतीचा, त्यामुळे दर आठवड्याला जमण्याचे कारण नाही. लागण, फुटवे, मोठी बांधणी, पावसाळ्याचा आरंभ आणि तोडणीपूर्वी असे पाच-सहा वेळा जमले तरी भागते. प्रत्येक वेळी सकाळचे तीन तास पुरेत. खालील उपक्रमांना लागणारे सामान बहुतेक घरात असतेच.

१) बांधावरची परीक्षा. ही शेतीशाळेतली मूळची युक्ती आहे. बांधाने दहा-दहा पावलांवर एकेक प्रश्न मांडायचा. प्रश्न कागदावर नव्हे, वस्तूत असतो. एके ठिकाणी वाळलेला पोंगा असलेला कोंब. ओढला की अलगद निघतो आणि घाण वास येतो. हे कशाने झाले? समोर तीन डबे : एक खोडकिडीचा, एक पाण्याच्या ताणाचा, एक खताच्या कमतरतेचा. दुसरीकडे तीन टिपऱ्या ठेवायच्या : एक जून उसाची, एक दहा महिन्यांच्या बेणेमळ्यातली, एक खोडव्याची. बेण्याला कोणती घ्याल? तिसरीकडे वाळलेले बेट, हाताने ओढताच मुळासकट हाती येणारे. त्याच्या बुडाशी काय सापडेल?

प्रत्येकाने मक्याचे दाणे घेऊन बांधाने चालत जायचे आणि आपले उत्तर वाटेल त्या डब्यात दाणा टाकायचा. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. कोणी काय उत्तर दिले ते कोणाला कळत नाही, त्यामुळे फजितीची भीती नाही. शेवटी डबे उघडून दाणे मोजायचे. गट कुठे पक्का आहे आणि कुठे कच्चा, ते घेणाऱ्याला त्याच दिवशी कळते, आणि पुढे कोणत्या विषयाला वेळ द्यायचा तेही ठरते. हंगामाच्या शेवटी हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. फरक दाणेच सांगतील.

२) अंदाजाची रांग आणि दोरीची मोजणी. एका उभ्या फडासमोर सगळ्यांना न्यावे आणि विचारावे, "एकरी किती टन पडेल?" तोंडी उत्तर घ्यायचे नाही. बांधाच्या या टोकाला ३० टन, त्या टोकाला ८० टन. ज्याला जेवढे वाटते त्या जागी त्याने जाऊन उभे राहायचे. कोण कुठे उभा आहे ते बघून हशा पिकतो, वादही सुरू होतो. वाद रंगू द्यावा.

मग पाच गट करून प्रत्येकाला दहा फुटांची दोरी द्यावी. बांधालगतचा ऊस सोडून फडात पाच निरनिराळ्या जागी सरीत दोरी धरायची आणि गळीतालायक ऊस मोजायचे. हिशोब असा : एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पाच फुटी सरी असेल तर एकरात सरीची लांबी ८,७१२ फूट भरते, म्हणजे दहा फुटांचे सुमारे ८७१ तुकडे. उदाहरणादाखल, पाच गटांना ३८, ४२, ३५, ४५ आणि ४० ऊस सापडले. सरासरी ४०. ८७१ गुणिले ४० म्हणजे एकरी ३४,८४० ऊस. काट्यावर पाच-दहा ऊस तोलून एका उसाचे वजन दीड किलो आले, तर एकरी सुमारे ५२ टन. चार फुटी सरी असेल तर ८७१ ऐवजी १,०८९ ने गुणावे.

आता ज्या गटाला ३५ सापडले त्यांनी आपल्या जागेवर सगळ्यांना न्यावे. तिथे काय दिसते? बहुधा नांगी पडलेली असते. मग विचारावे, लागणीनंतर महिनाभरात ही नांगी भरली असती आणि सगळीकडे ४५ ऊस असते तर? ८७१ गुणिले ४५ म्हणजे ३९,१९५ ऊस, वजन पावणेएकोणसाठ टन. फरक साडेसहा टनांचा. टनाला मिळणाऱ्या दराने त्याचे रुपये ज्याचे त्याने करावेत. "नांग्या भरा" असे सांगणारे परिपत्रक वर्षानुवर्षे निघते. त्या मोकळ्या जागेत स्वतः उभे राहून केलेला हिशोब त्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहील.

३) दहा कणसांचा हिशोब. जमिनीवर लांब दोरी टाकून तिला बारा गाठी माराव्यात. हे सुरू उसाचे वर्ष. सुरू लागणीला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी सुमारे १०० किलो. मक्याची दहा कणसे घ्यावीत. एक कणीस म्हणजे दहा किलो नत्र, म्हणजेच जवळजवळ २२ किलो युरिया, ४५ किलोच्या पोत्याचा निम्मा भाग. प्रत्येक गटाने चालत जाऊन आपण सध्या ज्या वेळी जेवढे खत घालतो तशी कणसे दोरीवर मांडावीत.

बहुतेक ठिकाणी एक-दोन ठिकाणी ढीग पडलेला दिसेल. यावर लगेच "चूक" म्हणू नये. आधी गटातल्या चौघांनी दोरीवर उभे राहावे. पहिला म्हणजे लागणीची टिपरी. तिला मुळे फार थोडी असतात, तिची भूक टिपरीतल्या साठ्यावर बरीचशी भागते. दुसरा दीड-दोन महिन्यांचा कोंब, फुटवे फोडणारा. त्याची भूक मोठी. तिसरा तीन-चार महिन्यांचा. चौथा मोठ्या बांधणीचा, कांडी धरणारा. त्याचीही भूक मोठी. प्रत्येकाने आपली भूक सांगायची आणि कणसे पुन्हा वाटायची. शिफारस अशी आहे : लागणीला एक कणीस, सहा ते आठ आठवड्यांनी चार, बारा ते सोळा आठवड्यांनी एक, मोठ्या बांधणीला चार. स्फुरद आणि पालाश निम्मे लागणीला व निम्मे मोठ्या बांधणीला. माती परीक्षणाप्रमाणे यात फेरफार होतो, हेही तिथेच सांगावे. एकदम टाकलेले नत्र पाण्याबरोबर वाहून जाते किंवा मुळांच्या खाली उतरते, हे दाखवायला घेणाऱ्याने ढिगातली दोन कणसे उचलून पाटात टाकावीत. पैसा पाण्यात जाणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

४) हुमणीचे रिंगण. हुमणीची अळी उसाची मुळे खाते, पण तिचा बंदोबस्त करण्याची सगळ्यात सोयीची वेळ तिच्या आधी येते. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुलिंब, बाभूळ, बोर यांचा पाला खातात, आणि उजाडायच्या आत जमिनीत परततात. एक मादी सुमारे ५० ते ६० अंडी घालते. फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे, एवढे सोपे काम. पण ते एकट्याने करून भागत नाही. हेच या खेळात दिसते.

बारा जणांनी रिंगणात उभे राहायचे. प्रत्येकाच्या पायाशी खडूने आखलेला चौकोन म्हणजे त्याचे रान. प्रत्येकाच्या हातात मक्याचा एक दाणा, ती भुंगेऱ्याची मादी. आठ जणांनी आपला दाणा बादलीत टाकायचा. त्यांनी भुंगेरे गोळा केले. चौघे म्हणतात, "आपल्याला नाही वेळ." त्या चौघांना ज्वारीचे पन्नास-पन्नास दाणे द्यावेत. त्यांनी रिंगणात चालत ते दाणे बाराही चौकोनांत टाकावेत. भुंगेऱ्याला सात-बाराचा उतारा वाचता येत नाही, तो कोणाच्याही रानात अंडी घालतो. शेवटी सगळ्यांनी आपापल्या चौकोनात बघावे. ज्या आठांनी काम केले त्यांच्याही रानात दाणे आहेतच.

इथे कोणीतरी म्हणणारच, "मग आपण कशाला राबायचं?" त्याच वेळी घेणाऱ्याने बाजूला ठेवलेला चारशे दाण्यांचा ढीग दाखवावा. आठ माद्या मारल्या म्हणून एवढी अंडी वाचली. खऱ्या रानात सगळ्याच अंड्यांच्या अळ्या होत नाहीत, पण हिशोबाची दिशा हीच. मग बाराही जणांनी दाणा बादलीत टाकून रिंगण पुन्हा करावे. सहकार म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने क्वचितच दाखवता येईल. रिंगण संपता संपता आपल्या शिवारातली कडुलिंबाची, बाभळीची झाडे कोणती आणि पहिल्या पावसाच्या संध्याकाळी कोणत्या झाडाखाली कोण जाणार, ते ठरवून टाकावे.

५) दोन पिपांची रांग. बेणेप्रक्रियेत क्रम महत्त्वाचा. आधी बुरशीनाशकाच्या द्रावणात टिपरी दहा-पंधरा मिनिटे बुडवायची, मग जिवाणू खताच्या द्रावणात अर्धा तास. उलट केले तर औषधाने जिवाणू मरतात आणि दोन्हींचा पैसा वाया जातो. हे शिकताना पिपांत साधे पाणीच घ्यावे. एका पिपाला लाल फडके, दुसऱ्याला हिरवे. हातमोजे घालून, टिपऱ्या टोपलीत भरून, वेळ लावून सगळ्यांनी रांगेने एकदा तरी करावे. प्रत्यक्ष लागणीच्या धांदलीत मग हात चुकत नाहीत.

घेणाऱ्याने पाळायची पथ्ये

उपक्रम कितीही चांगला असला तरी घेणाऱ्याने पुढील गोष्टी सांभाळल्या नाहीत तर त्याची नुसती करमणूक होते.

पंचवीसपेक्षा जास्त माणसे एका गटात घेऊ नयेत. दोनशे माणसांचा मेळावा होतो, शाळा होत नाही.

वयाचा आणि तब्येतीचा मान राखावा. कोणाचे गुडघे दुखत असतात, कोणाला रक्तदाब असतो. आबा, नाना म्हणण्याच्या वयाच्या माणसाला उठाबशा काढायला लावू नये. ज्याला चालवत नाही त्याच्याकडे मोजणीची वही द्यावी किंवा पंच नेमावे. काम सकाळच्या उन्हाआधी संपवावे, पाण्याची घागर जवळ असावी.

खेळात हरलेल्याला हसू नये. चूक गटाची म्हणून बोलावी, माणसाची म्हणून नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, प्रत्येक उपक्रमानंतर खाली बसून तीन प्रश्न विचारावेत : काय दिसले? असे का झाले? उद्या आपल्या रानात काय करणार? हे तीन प्रश्न वगळले तर दाणे टाकून माणसे घरी जातात आणि फक्त खेळ लक्षात राहतो. उपक्रमाला जितका वेळ दिला तितकाच या बोलण्याला द्यावा. उत्तर आधी सांगून टाकण्याचा मोह शिकलेल्या माणसाला फार होतो, तो आवरावा.

"आम्ही काय पोरं आहोत का?"

ही शंका हमखास निघते. तिचे उत्तर आपल्याच रीतीभातींत आहे. वारीच्या वाटेवर साठी उलटलेले वारकरी फुगडी घालतात. लेझमीच्या ताफ्यात बाप आणि लेक एका ओळीत नाचतात. मंगळागौरीला सुनांबरोबर सासवाही झिम्मा धरतात. तिथे कोणाला कमीपणा वाटत नाही, कारण त्या हालचालीला अर्थ आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. रानातल्या उपक्रमालाही अर्थ असला आणि तो आपल्या उसाशी जोडलेला असला, की लाज आपोआप जाते. ज्या खेळाचा शेतीशी संबंध नाही तो मात्र खरोखरच पोरखेळ होतो. तो घेऊ नये.

दुसरी शंका वेळेची. भाषणात एका तासात दहा मुद्दे सांगून होतात, अशा उपक्रमात दोनच होतात, हे खरे आहे. तेव्हा नवीन वाणाचा भाव, अनुदानाची तारीख, नोंदीचे नियम अशी माहिती द्यायला परिपत्रक किंवा मोबाइलवरचा निरोपच बरा. ज्यात हात आणि नजर तयार व्हावी लागते तेवढेच विषय शेतीशाळेत घ्यावेत.

शाळेत कोण बसले पाहिजे

शेतीशाळांचा उपयोग किती होतो, याचाही जगात अभ्यास झाला आहे, आणि त्यातले निष्कर्ष आपण डोळसपणे घेतले पाहिजेत. जागतिक बँकेशी संबंधित अर्थतज्ज्ञांनी इंडोनेशियातील शाळांचा अभ्यास करून २००४ साली तो प्रसिद्ध केला. त्यात उत्पादनावर किंवा औषधांच्या वापरावर ठळक परिणाम आढळला नाही. पुढे अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासून २०१४ साली जो आढावा निघाला, त्यात शाळेत प्रत्यक्ष बसलेल्या शेतकऱ्यांना फायदा झाल्याचे दिसले, पण त्यांच्या शेजाऱ्यांपर्यंत तो पोचल्याचे दिसले नाही.

यातला धडा आपल्यासाठी मोठा आहे. पाहून आणि करून मिळालेले ज्ञान ऐकून पसरत नाही. "प्रत्येक गावचे दोन प्रगतिशील शेतकरी बोलवा, ते बाकीच्यांना सांगतील" हा हिशोब चुकीचा ठरतो. ज्याने दोरी धरली नाही त्याला दोरीचा अनुभव उसना मिळत नाही.

मग आपल्या मेळाव्यांना येते कोण, हे बघा. ज्याच्या नावावर शेअर आणि सात-बारा, तो येतो. पण टिपरी सरीत ठेवते कोण? बहुतेक ठिकाणी बाया ठेवतात. डोळा वर की बाजूला, दोन टिपऱ्यांत अंतर किती, नांगी कुठे पडली, हे त्यांच्या हातात असते. खत टाकतो तो गडी. रात्रीचे पाणी पाजतो तो वाटेकरी किंवा घरातला धाकटा पोरगा. शिकवतो आपण एकाला आणि काम करतो दुसरा. मधे जो निरोप जातो तो वाटेतच अर्धा गळतो. आणि पुढे उतारा कमी आला की बोल लावला जातो त्याच हातांना, ज्यांना कधी कोणी बोलावलेच नव्हते.

म्हणून शेतीशाळेचे निमंत्रण सभासदाच्या नावाने न काढता रानाच्या नावाने काढावे. ज्या रानात जो राबतो तो यावा : घरची लक्ष्मी, मुलगा, गडी, वाटेकरी. बायांना सोयीची वेळ विचारून घ्यावी. लागणीला जाणाऱ्या बायांची सकाळ बुडत असेल तर तिचा रोज त्यांना मिळावा. ती रक्कम हारतुऱ्यांच्या खर्चातून सहज निघेल. बेणेप्रक्रियेच्या रांगेत त्यांनाच पुढे उभे करावे. त्यांना येणाऱ्या खाचाखोचा शेतकी खात्याच्या माणसालाही शिकण्यासारख्या असतात.

सुरुवात मोठी करण्याची गरज नाही. आपल्या पाटाखालची किंवा एका विहिरीवरची वीस-पंचवीस माणसे ठरवावीत, कोणाचे तरी दहा-वीस गुंठे रान पाहण्यासाठी नक्की करावे आणि गट ऑफिसला कळवून शेतकी खात्याचा माणूस बोलावून घ्यावा. मांडव नको, माइक नको. दोरी, मक्याची कणसे, चार डबे आणि दोन पिपे एवढ्यावर काम भागते. पहिल्या पावसाआधी निदान हुमणीचे रिंगण प्रत्येक शिवारात एकदा झाले, आणि त्या संध्याकाळी माणसे बादल्या घेऊन कडुलिंबाखाली जमली, तर हा लेख वाचण्यात घालवलेला वेळ वसूल झाला असे समजावे.

जय सहकार!